त्यांच्या नावाचं तेल

"पाय माझे खाली आहेत, वर नाही. पोटाला काय नमस्कार करून राहिली?"

धुरपदाबाईने आपट्याची पानं मुठीतच धरून ठेवली होती. दसऱ्याचं सोनं द्यायला वाकलेली सून अर्ध्यावरच थांबली होती. तिची बोटं सासूच्या नडगीपर्यंतही पोचली नव्हती. मालतीने ती तशीच कपाळाला लावली, मागे हात टाकून दाराची चौकट धरली आणि सरळ झाली. बोलली काहीच नाही. न बोलणं ही तिची जुनी खोड.

"राहू दे ना माय, सणाच्या दिवशी," नंदकुमार म्हणाला.

"मी कुठं काय म्हणते? आमची सासू पाटावर बसायची, तं आम्ही जमिनीला कपाळ टेकवायचो. आता सुनांचे कणे लोखंडाचे निघाले. नंदूच्या बायकोचा तं नवाच बसवलेला दिसते."

दीपाली फस्सकन हसली. इंदूरला कॉलेजात शिकणारी ही नात सणापुरती आली होती. "आजी, तुम भी ना!" म्हणत तिने आजीच्या पायांवर सगळं अंगच टाकलं. धुरपदाबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला, पण डोळे सुनेच्या पाठीवर होते. मालती स्वयंपाकघराकडे निघाली होती, भिंतीला हात लावत, एखाद्या राणीसारखी सावकाश. माजली, धुरपदाबाईच्या मनात आलं. सासरा होता तेव्हा चांगली जमिनीपर्यंत वाकायची. तो गेला आणि हिला ताठा आला.

घरधनी मागच्या माघात गेले. तापीपलीकडे बुऱ्हाणपूर आणि अलीकडे जैनाबाद. जैनाबादच्या कडेला त्यांची केळीची बाग, आणि बागेला लागून घर. बागेत उभं आयुष्य पाण्यात पाय बुडवून गेलं, त्यात त्यांचे गुडघे गेले. म्हणून दर वर्षी थंडीच्या तोंडावर धुरपदाबाई निरगुडीचं तेल काढायची.

निरगुडी अशीच ओरबाडून आणायची नसते. आदल्या संध्याकाळी नाल्यावर जायचं, झाडाच्या बुडाशी हळद-तांदूळ ठेवायचे आणि आवतण द्यायचं, की बाई, उद्या सकाळी न्यायला येते, अमक्याच्या दुखण्यासाठी ये. ज्याचं दुखतं त्याचं नाव घ्यावंच लागतं. नावाशिवाय आणला तो नुसता पाला, बकरीने खावा असा. सासूने हे शिकवलं तेव्हा नव्या नवरीपुढे मोठा पेच पडला होता. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. पुढे मतदानाला गेली तेव्हाही तिने समोरच्या बाबूला चिठ्ठीवर बोट ठेवून दाखवलं होतं, हे बघ, हेच. पण झाडापुढे इलाज नव्हता. आजूबाजूला बघायची, पदर तोंडाशी धरायची आणि हळूच म्हणायची, निंबा. जन्मभरात ते नाव तिने मोठ्याने घेतलं ते फक्त त्या एका झाडापाशी.

मग पाल्याचा रस, तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, मूठभर ओवा. मंद आचेवर रस आटेपर्यंत हलवत राहायचं. एक थेंब विस्तवावर टाकला आणि तडतडला नाही की तेल झालं. आणि ते ज्याच्या नावाचं, त्याच्याच अंगाला. दुसऱ्याने लावलं तर पहिल्याचं दुखणं त्याच्याकडे चालत येतं, असं सासू सांगायची.

संध्याकाळी परसातल्या चुलीवर भाकरी झाल्या की धुरपदाबाई तेलाची बाटली गरम राखेशी टेकवून ठेवायची, बूच सैल करून, आणि राममंदिरात आरतीला जायची. ते बागेतून यायचे, ओट्यावर बसून गुडघे चोळायचे, बाटली कोनाड्यात परत ठेवायचे आणि तेलकट हाताने चौकट धरून उठायचे. चौकटीवर त्यांच्या पंजाचा काळा डाग पडला होता. पुसू पुसू म्हणून ती किती वेळा ओरडली असेल, पण पुसला कधी नाही.

शेवटच्या दिवशीही बाटली अशीच राखेशी होती. ते बागेत पाणी बदलायला गेले, केळीच्या बुडाशी टेकले, ते टेकलेच. माणसं त्यांना उचलून घेऊन आली तोवर तेल गार झालं होतं. मरण काय, सगळ्यांनाच आहे. पण तेल गरम करून ठेवलं आणि माणूस ते न लावता गेला, एवढं एकच धुरपदाबाईच्या घशात अडकून राहिलं होतं. तेरावं झालं तसं तिने सांगून टाकलं, की आता या घरात निरगुडी शिजायची नाही. अर्धी भरलेली बाटली कोनाड्यात तशीच राहिली. तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

दसरा झाला, दिवाळी झाली, रात्री गारठू लागल्या. एका संध्याकाळी भाकरी आटोपल्या आणि धुरपदाबाईच्या हाताने आपल्या मनानेच कोनाड्यातली बाटली उचलली, राखेशी ठेवली, बूच सैल केलं. देवळाच्या पायरीवर जाऊन बसल्यावर तिच्या ध्यानात आलं. आरतीचं तबक फिरत होतं आणि ती मनात मोजत होती, आता बागेतून निघाले असतील, आता फाटक लोटलं असेल.

घरी परतली तर परसात वास होता. लसूण, ओवा आणि त्याखालून निरगुडीचा तो कडवट, हिरवा, अंगाला चिकटणारा वास. चुलीपाशी बाटली नव्हती. ती कोनाड्यात जागच्या जागी होती, अजून कोमट, आणि तेल बोटभर खाली गेलेलं.

नंदकुमार केळीच्या मंडीतून यायचा होता. स्वयंपाकघरात मालती पाठमोरी भाजी चिरत होती. कोणी आलं होतं का, हे धुरपदाबाईच्या ओठांवर आलं. पण विचारायचं काय? आणि विचारायचं कोणाला, तर या न वाकणाऱ्या बाईला? तिने बाटलीचं बूच घट्ट केलं आणि हातपाय धुवायला गेली. पाणी गार होतं की गरम, हेही तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली मुद्दाम ठेवली. तेल पुन्हा खाली गेलं.

मग रोजच. बूच सैल करायचं आणि घरातून निघून जायचं. आपण घरात असलो तर ते येत नाहीत, हेही तिने एकदा पाहून घेतलं. त्या दिवशी देवळात जाते म्हणून सांगितलं आणि परसाकडच्या काळोख्या खोलीत खिडकीपाशी बसून राहिली. परसात अंधार उतरला. चुलीतला निखारा काळा पडत गेला. एकदा दार वाजलं, पण ती मालती निघाली. दोन पावलं येऊन तिने खिडकीत सासूची आकृती पाहिली आणि थांबली.

"काय पाहून राहिली?" धुरपदाबाईने आतूनच विचारलं.

"काही नाही, आत्याबाई. राख पाहायला आली होती."

"राख काय पळून चालली?"

मालती आत निघून गेली. त्या दिवशी बाटली होती तिथेच गार झाली, आणि धुरपदाबाईला रात्री जेवण गेलं नाही. जन्मभर लाजाळू माणूस. चारचौघांत बायकोकडे बघायचा नाही, तो आता काय समोर येऊन गुडघे उघडे टाकणार? चूक आपलीच.

पौषात गारठा वाढला. देवळाची पायरी दगडाची. तिच्यावर टेकलं की थंडी हाडात शिरायची. धुरपदाबाईचे स्वतःचे गुडघेही काही तरुण राहिले नव्हते. पण आरती संपून बायका पांगल्या तरी ती बसून राहायची. त्यांना घाई व्हायला नको. पुजारी विचारायचा, "धुरपदामाय, घर जाना नहीं क्या?" ती म्हणायची, "देवाला तुझी अडचण नाही, तं माझी तुला काय अडचण?"

एका सकाळी झाडताना तिला चौकटीवर नवा डाग दिसला. ताजा, ओशट, पाची बोटं उमटलेला. जुन्या डागाच्या खाली, वीतभर अंतर सोडून. तिने झाडू भिंतीला टेकवला. मग तिने त्या डागावर तळहात ठेवला नाही, नुसता जवळ नेला, तव्याची आच पाहावी तसा.

"एवढं उंच माणूस," ती पुटपुटली. "तिकडं गेल्यावर बी वाकावंच लागते का तुम्हाला? अन् चौकट तं चौकट, तिकडून येऊन बी घाण करून ठेवता."

मग तिने इकडेतिकडे बघितलं. घरात कोणी नव्हतं. कितीतरी महिन्यांनी ती अशी कोणावर तरी मनापासून ओरडली होती. दिवसभर तिचा आवाज मोकळा राहिला. दूधवाल्यालाही दोन शब्द जास्तीचे मिळाले.

माघ लागला तसं नंदकुमारने तो विषय काढला. जेवताना, ताटाकडे बघत.

"माय, वर्षश्राद्ध आलं. गुरुजी म्हणे, बाबांच्या वापरातलं जे असेल ते आता घरात ठेवू नका. राजघाटावर तापीत सोडून द्यायचं. त्यांचा जीव अडकत नाही मग."

"मग ने ना. काठी ने. चष्मा ने."

"अन् ती तेलाची बाटली."

वाढणाऱ्या मालतीचा हात क्षणभर भाजीच्या पातेल्यात थांबला. धुरपदाबाईने ते पाहिलं नाही. ती समोरच्या भाकरीचे तुकडे करत होती आणि त्या तुकड्यांचे आणखी तुकडे.

"बाटलीला कोणी हात लावायचा नाही. मी आणीन माझ्या हातानं."

तेल आता तळाला आलं होतं. त्यांनी आपल्या हाताने संपवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण थोडं उरलंच होतं, आणि तेवढं तापीत ओतलं की संध्याकाळी फाटक लोटून यायचं त्यांना कारण उरणार नव्हतं. जीव अडकू नये म्हणे. गुरुजीला काय जातं सांगायला. अडकला नाही तर तो येईल कशाला?

श्राद्धाच्या सकाळी राजघाटावर धुकं होतं. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद दिसत नव्हतं, फक्त मंदिराची घंटा पाण्यावरून ऐकू येत होती. पिंड झाले, तर्पण झालं. नंदकुमारने काठी पाण्यात सोडली; ती आडवी झाली, पायरीला एकदा टेकली आणि धारेला लागली. चष्मा दीपालीने सोडला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"आजी, अब वो बॉटल."

धुरपदाबाईचा हात शालीच्या आत होता. बाटली अंगाच्या उबेने कोमट झाली होती, जणू आताच राखेवरून उचललेली. बोटं बुचावर गेली आणि तिथेच राहिली.

"घरी राहिली," ती म्हणाली.

नंदकुमारने शालीच्या फुगवट्याकडे बघितलं, मग आईच्या तोंडाकडे, आणि गुरुजींना म्हणाला, "चला, झालं."

घरी आल्यावर पानं उठली, गुरुजी गेले, आणि रीतीप्रमाणे सगळे घरातल्या मोठ्या माणसाच्या पाया पडायला आले. धुरपदाबाई परसातल्या दारात पाटावर बसली होती. नंदकुमार वाकला. दीपाली वाकली. मग मालती आली.

मालती वाकली ती वाकतच गेली. गुडघे जमिनीला टेकले, दोन्ही तळहात सासूच्या पावलांवर आले, आणि त्यांच्यामध्ये कपाळ. दसऱ्यापासून धुरपदाबाई ज्याची वाट पाहत होती ते, अगदी तिच्या सासूच्या काळातल्यासारखं.

आणि त्या तळहातांचा वास वर आला. लसूण, ओवा. त्याखालून निरगुडी.

धुरपदाबाई हलली नाही. मालती उठली, कोणाचा आधार न घेता, सरळ. उठून झाल्यावर मात्र तिचा हात सवयीने चौकटीवर गेला आणि खालच्या डागावर बसला. पाची बोटं पाची बोटांच्या जागी.

"आजी, मम्मी को आशीर्वाद तो दो," दीपाली म्हणाली.

"दिला," धुरपदाबाई म्हणाली.

दुपारभर ती पाटावरून उठली नाही. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. बाग इथून दिसत होती, केळीची फाटकी पानं वाऱ्यावर हलत होती, आणि बागेतून घराकडे येणारी पायवाट रिकामी होती. ती रिकामी असल्याचं आज पहिल्यांदाच दिसत होतं, असं नव्हे. पण मधले हे काही महिने दिसलं नव्हतं.

संध्याकाळी भाकरी झाल्या. मालती परात उचलायला आली तर सासू चुलीपाशीच बसलेली.

"आज देवळात नाही गेल्या, आत्याबाई?"

"आता कशाला जाऊ?"

धुरपदाबाईने शालीतून बाटली काढली आणि दोघींच्या मध्ये ओट्यावर ठेवली. दुपारभर घासून तिने शब्द तयार ठेवले होते. मेलेल्या माणसाचं तेल चोरलंस. मला वेड्यात काढलंस. त्या दगडावर बसवलंस मला, रोज.

पण मालती बाटलीकडे बघत होती आणि तिचा चेहरा सैल पडत चालला होता.

"सोडली नाही तुम्ही," ती म्हणाली. "मला वाटलं गेली आज."

मग ती न बोलणारी बाई बोलायला लागली.

"दसऱ्याला तुम्ही बोलल्या ते लई लागलं मला. गुडघे, कंबर धरली होती, वाकताच येत नव्हतं, आत्याबाई. डॉक्टर म्हणे खाली बसू नका. खाली न बसता घर चालते का? गोळ्या घेतल्या तं पोटात आग पडे. तुम्हाला सांगायचं तं तुम्ही म्हणाल, आमच्या वयाला आम्ही गाडीभर घड वाहायचो. म्हणून गप राहिली. अन् मग त्या संध्याकाळी पाहिलं, बाटली राखेशी ठेवलेली. बूच बी सैल केलेलं." ती थांबली. "बोटं बी सुजली होती माझी. बूच निघालं नसतं. ते कसं समजलं तुम्हाला, कोण जाणे."

चुलीत एक लाकूड खाली सरकलं.

"मामंजींच्या नावाचं तेल, भीती वाटली आधी. पण म्हटलं, आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं ठेवलं, त्यांनी विचार करूनच ठेवलं असेल. मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही रोज घरातून निघून जायच्या. एवढ्या थंडीत. तोंडानं एक शब्द नाही. एक दिवस तुम्ही घरात होत्या, तं मला वाटलं, आज रागावल्या माझ्यावर." मालतीने पदराने नाक पुसलं. "माझ्या आईनं बी एवढं नसतं केलं."

धुरपदाबाईने चौकटीकडे बघितलं. उजेड कमी होत होता. खालचा डाग अजून ओशट चमकत होता. वरचा सुकून भुरका झाला होता, त्यावर वर्षाची धूळ बसली होती, आणि ती आजची नव्हती. एका वाक्याचं काम होतं. तुझ्यासाठी नव्हतं ते. वाक्य जिभेवर आलं, दातांपाशी थांबलं.

तिने बाटली उचलली. बुचावर जुनी सुतळी गुंडाळलेली होती. तिची स्वतःची बोटंही आज धड चालत नव्हती. बूच फिरवून तिने सैल केलं आणि बाटली राखेशी टेकवली, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी थोडी तिरपी.

"तळाला आलं हे," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी ताटलीत हळद-तांदूळ घे. नाल्यावर जायचं आहे."

"आवतण द्यायला? पण तुम्ही तं म्हणाल्या होत्या..."

"मी म्हणाली होती, तं मीच मोडते. तुला काय त्रास?"

मालती ओट्याच्या कडेला बसली. तिने विचारलं, "नाव कोणाचं सांगायचं झाडाला?"

"ज्याचं दुखते त्याचं. नंदूची बायको म्हणून चालत नाही तिथं."

बागेकडून वारा आला. फाटक नुसतंच हललं आणि कडी वाजली. दोघींनी तिकडे बघितलं. मालतीने लगेच नजर वळवली. धुरपदाबाई थोडा वेळ बघत राहिली, मग तिनेही वळवली.

"पण मला आता बरं आहे, आत्याबाई," मालती म्हणाली. "सकाळी पुरती वाकली ना मी."

"कुठं पुरती?" धुरपदाबाईने राखेतली बाटली बोटांनी चाचपली आणि तिच्याकडे सरकवली. "मी पाहिलं ना. अजून वीतभर कमी पडते तुझं वाकणं, मालती. लाव."